एका ग्लासची किंमत

मॅच संपायला फक्त ४५.९ सेकंद उरलेत. पाहुणी टीम ९७-८२ अशी पुढे आहे. म्हणजे निकाल लागल्यातच जमा. अशा वेळी कोणी कोणाला कशाला फाउल करेल? पण इंडियाना पेसर्सच्या रॉन आर्टेस्टने केला.

तारीख १९ नोव्हेंबर २००४. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराजवळचं 'द पॅलेस ऑफ ऑबर्न हिल्स' हे स्टेडियम. एनबीएची, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगची मॅच. घरची टीम डेट्रॉइट पिस्टन्स गतविजेती, त्यामुळे प्रेक्षक आधीच वैतागलेले. फाउल झाल्यावर पिस्टन्सच्या बेन वॉलेसने आर्टेस्टला जोरात ढकललं. रेटारेटी सुरू झाली. आर्टेस्ट मात्र बाजूला होऊन स्कोअररच्या टेबलावर चक्क आडवा झाला! तेवढ्यात गर्दीतून ड्रिंकचा ग्लास आला आणि त्याच्या अंगावर आदळला. तो उठला आणि थेट प्रेक्षकांत घुसला. बरं, धरलं तेही भलत्याच माणसाला. मागोमाग स्टीफन जॅक्सन. मग काय, ठोसे, खुर्ची, बिअर, सगळंच हवेत.

नेटफ्लिक्सवर २०२१ मध्ये आलेली 'अनटोल्ड: मॅलिस ॲट द पॅलेस' ही फ्लॉइड रसची डॉक्युमेंटरी याच रात्रीची गोष्ट सांगते. बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी बघा. कारण विषय बास्केटबॉलचा नाहीच. विषय आहे, तिकीट काढलं की आपण नक्की काय विकत घेतो?

तेव्हा टीव्हीवर पुन्हा पुन्हा दिसलेल्या क्लिपचा अर्थ सरळ होता. करोडो कमावणारे माजलेले खेळाडू बिचाऱ्या पब्लिकला बडवतायत. त्यात हे खेळाडू कृष्णवर्णीय. 'गुंड' हा शिक्का बसायला कितीसा वेळ लागणार? डॉक्युमेंटरी वेगवेगळ्या अँगल्सचं फुटेज समोर ठेवते आणि चित्र पालटतं. प्रेक्षक बिनदिक्कत कोर्टवर उतरलेत. सिक्युरिटी अगदीच तोकडी. खेळाडू आत जायला लागले, तर वरून ग्लासांचा पाऊस. जर्मेन ओनीलचा तो गाजलेला ठोसासुद्धा कोर्टवर आलेल्या प्रेक्षकाला बसलेला होता.

फिल्म खेळाडूंच्या बाजूने जरा जास्तच झुकते, हे खरं. कितीही डिवचलं तरी प्रेक्षकांत घुसून मारामारी करण्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण हिशेब बघा. आर्टेस्ट उरलेला सीझन बाहेर, प्लेऑफ धरून ८६ मॅच. जॅक्सन ३०. ओनील २५, त्या अपिलात १५ झाल्या. दोन्ही टीमचे मिळून नऊ खेळाडू सस्पेंड झाले. ग्लास फेकणाऱ्याला? कोर्टाकडून ३० दिवसांची कैद आणि पिस्टन्सच्या घरच्या मॅचना कायमची बंदी.

आर्टेस्ट पुढे सावरला. २०१० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सकडून चॅम्पियन झाल्यावर त्याने टीव्हीवर सगळ्यांसमोर आपल्या सायकियाट्रिस्टचे आभार मानले. पुढच्या वर्षी नाव बदलून 'मेटा वर्ल्ड पीस' केलं. हसू येतं खरं, पण फिल्ममध्ये तो मनातल्या अस्वस्थतेबद्दल बोलायला लागला की हसू थांबतं.

मला मात्र सगळ्यात जास्त चटका लावून गेला रेजी मिलर. अठरा सीझन पेसर्सकडूनच खेळला, चॅम्पियनशिप एकही नाही. हा त्याचा शेवटचा सीझन आणि टीम या वेळी खरंच जिंकू शकेल अशी होती. त्या रात्री तो हाताच्या दुखापतीमुळे खेळत नव्हता. सूट घालून बेंचवर होता, भांडण सोडवायला धावला. त्याने ना ग्लास फेकला, ना ठोसा मारला. पण मोडक्या टीमबरोबर सीझन संपला आणि २००५ मध्ये तो रिकाम्या हाताने निवृत्त झाला.

ते स्टेडियमही २०२० मध्ये पाडलं गेलं. पुढच्या वेळी स्टँडमधून कोणावर शिव्यांचा भडिमार करायची हुक्की आली, तर ग्लास हातातच ठेवा, बॉस. तिकिटाच्या पैशांत फक्त खेळ येतो, खेळाडू नाही.