घर दोघांचे, कागद एकाचा

दारावरच्या पाटीवर बायकोचे नाव असते, खरेदीखतावर नसते, हे आपल्याला नवे नाही. पण ज्या मुली अमेरिकेत 'सुखात आहेत' असे आपण समजतो, त्यांचेही तेच आहे. फक्त तिथे नकार सासरा देत नाही, कर्ज देणारी कंपनी देते.

मी मुंबईत एम.एस.डब्ल्यू. केले आणि आता न्यू जर्सीत दक्षिण आशियाई स्त्रियांबरोबर काम करते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकींचा नवरा एच-१बी व्हिसावर असतो आणि त्या त्याच्या आश्रित म्हणून एच-४ वर. यातल्या काहींना २०१५ च्या नियमाने कामाचा परवाना मिळाला. त्या नोकरी करतात, कर भरतात, पगार घरात घालतात. मुदत संपत आली की मुदतवाढीचा अर्ज करायचा आणि वाट बघायची. अर्ज वेळेत केला की निकाल लागेपर्यंत राहणे कायदेशीर असते, पण हातात असते फक्त पावती. पूर्वी जुना कामाचा परवानाही आपोआप वाढीव धरला जाई. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती सवलत राहिली नाही.

अशा वेळी घर घ्यायला गेले की पुरावा मागतात, इथे राहता कशावरून? भाडेकरार नवऱ्याच्या नावे, विजेचे बिल नवऱ्याच्या नावे. ज्या घरात ती दहा वर्षे राबली, तिथे ती राहते हे कागदावर कुठेच नाही! मग 'सोपे पडते' म्हणून अर्ज एकट्या नवऱ्याचा होतो आणि त्याच ओघात खरेदीखतही.

अमेरिकेत बाई म्हणून किंवा विवाहित म्हणून कर्ज नाकारणे १९७४ च्या कायद्याने बंद केले. पण अर्जदाराचा इमिग्रेशनचा दर्जा बघायला मुभा आहे आणि बायकोचा दर्जा तर नवऱ्याच्याच दर्जाला बांधलेला! पुढच्या दाराने घालवलेली नवरेशाही मागच्या दाराने आत आली, ती अशी.

मंडळी म्हणतात, नाव नसले तर काय बिघडले? घटस्फोटात लग्नानंतरच्या मिळकतीची न्याय्य वाटणी न्यू जर्सीच्या कायद्यात आहेच. आहे ना! पण घटस्फोट झाला की तिचा एच-४ दर्जाच संपतो. देशात राहण्याचाच हक्क गेला, तर वाटणीसाठी कोर्टात उभी कशी राहणार? वकिलाचे पैसे कुठून आणणार?

म्हणून मैत्रिणींनो, कर्ज आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी समजून घ्या. कर्जात नाव बसले नाही तरी खरेदीखतावर बहुधा घालता येते. सह्या करण्यापूर्वी कंपनीला आणि वकिलाला तसे स्पष्ट विचारा. भाडेकरार, विजेचे बिल, बँकेचे खाते आजच दोघांच्या नावे करून घ्या. पावत्या, जुने परवाने, कराचे कागद यांच्या प्रतींचा एक संच घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

पण एवढ्याने भागणार नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेने गावोगावच्या शेतकऱ्यांना जमीन बायकोच्या नावे करायला लावली. परदेशातल्या मराठी मंडळांत गणपतीची वर्गणी मागताना हा प्रश्नही विचारला पाहिजे : तुमच्या घराच्या कागदावर तिचे नाव आहे का? आणि सरकारकडे मागणी एकच. बायकोचा दर्जा नवऱ्यापासून सोडवा. ती कुणाची आश्रित म्हणून नाही, माणूस म्हणून तिथे राहते.