संगीतास प्रतिष्ठा कोणी दिली?

गेल्या महिन्यात सोलापुरास भवानी पेठेत एका स्नेह्यांच्या घरी गाण्याची बैठक होती. प्रास्ताविक करणाऱ्या विद्वान गृहस्थांनी सांगितले की, कलावंतिणींच्या माडीवर अडकलेले गाणे सुशिक्षित समाजाने उचलून आपल्या घरात आणले. मंडळींनी माना डोलावल्या. यजमानांच्या भिडेस्तव आम्ही गप्प राहिलो. जे तेथे बोललो नाही ते येथे लिहितो.

उचलून आणले म्हणजे काय? या शहरी आगगाडी १८६० साली आली, पुढे गिरण्या निघाल्या. अशा गावोगावी गाणे कोणी खांद्यावरून वाहून नेले नाही. गाणाऱ्या स्त्रियाच ते घेऊन तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसल्या. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास विद्यालय काढले, भातखंड्यांनी चिजा लिहून घेतल्या. हे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु शाळा काढणाऱ्याचे नाव घ्यावे आणि भाडे सोसणारीचे विसरावे, हा कोणता हिशेब?

मोगूबाई कुर्डीकरांचेच पाहा. १९०४ साली गोव्यातील कुर्डी गावी जन्म. (ते गाव पुढे धरणाच्या पाण्याखाली गेले.) आई लवकर वारली, पोर नाटकमंडळीत वाढली, पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेली. सांगलीस तिचा रियाज अल्लादियाखांच्या कानी पडला, आणि तालीम सुरू झाली. त्यानंतर वैधव्य, तीन मुले व मैफलींचे दौरे. कन्या किशोरी आमोणकर आईच्या मागे तंबोऱ्यावर बसत. तिसऱ्या वर्गाचे भाडे, उतरण्यास कोणाचे तरी घर आणि तेथील वागणूक, हे सारे त्यांनी उत्तरायुष्यात बोलून दाखविले आहे. पुढे त्याच किशोरीताई स्वतःसाठी नीट खोली व श्रोत्यांकडून शांतता मागू लागल्या, तेव्हा आपण त्यास लहरीपणा म्हटले! ती जुनी थकबाकी होती, हे कोणाच्याच ध्यानी आले नाही.

हिराबाई बडोदेकरांनी तर तिकीट लावून जाहीर जलसे केले. तिकिटाचे महत्त्व आपणांस आज कळत नाही. एका धनिकाच्या दिवाणखान्यात त्याच्या मर्जीने गाणे निराळे, आणि पैसे मोजून खुर्चीवर बसलेल्या कारकुनासमोर, त्याच्या पत्नीसमोर गाणे निराळे. त्या खुर्चीवर सभ्य गृहिणी येऊन बसली ती हिराबाईंच्या धैर्यामुळे; गृहिणीच्या यजमानांच्या औदार्यामुळे नव्हे. १९२९ साली भावंडांसह त्यांनी नाटकमंडळीही काढली. ती बुडाली, आणि कर्जाचा भार मैफलींवरच पडला.

यावर कोणी म्हणेल की, त्या स्त्रियांचे खाजगी आयुष्य आदर्श नव्हते. बरे, ज्यांच्या दिवाणखान्यात त्या गाइल्या त्या शेठजींच्या खाजगी आयुष्याची चौकशी कोणी केली होती? ते तर नगरभूषण ठरले!

असो. त्या रात्री एका तरुण मुलीने बिहाग फार सुरेख गाइला. प्रास्ताविकात तिची गुरुपरंपरा सांगितली गेली, त्यात चार नावे होती, चारही पुरुषांची. शेवटी तिला शाल व नारळ देण्यात आला. ती पुण्याहून आली होती. येण्याजाण्याचे भाडे तिला कोणी दिले काय, हे आम्हीही विचारले नाही.