अंगणातली पाठचिकित्सा

मोटारसायकल घरी उघडणे हा हौसेचा किंवा काटकसरीचा मामला. त्याचा साहित्याभ्यासाशी संबंध काय, असे काही वाचक विचारतील. आमच्या मते संबंध आहे, आणि तो केवळ रूपकापुरता नाही. बंद पडलेल्या गाडीसमोर पाने घेऊन बसलेला माणूस खुणांवरून अर्थ लावीत असतो. मात्र त्याने चुकीचा अर्थ लावला तर गाडी सुरू होत नाही. आमच्या चर्चासत्रांना ही सोय नाही.

उदाहरणार्थ जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट घेऊ. १९५५ साली मद्रासला स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाने या गाडीचा मूळ आराखडा कित्येक दशके फारसा बदलला नाही. त्यामुळे बापाने शिकलेले मुलाच्या गाडीलाही लागू पडे. ती सुरू करण्यासाठीही वाचता यावे लागते. किक सावकाश दाबत अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणावयाचा, डिकॉम्प्रेसरची कळ ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवावयाचा, कळ सोडून किक वर येऊ द्यावयाची आणि मग अंगाचा सगळा भार टाकावयाचा. हे न जाणणाऱ्याच्या पोटरीवर किक उलटून बसते.

गाडी सुरूच होत नसेल तर प्रश्न तीन: पेट्रोल पोहोचते का, ठिणगी पडते का, कॉम्प्रेशन आहे का. उत्तराचा आरंभ बहुधा प्लगच्या टोकाशी होतो. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त. टोक पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी आणि इंजिन तापते आहे. तेलाने माखलेले असेल तर ऑइल वर चढते आहे. फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. किका मारूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोलचा कॉक, नळी आणि कार्ब्युरेटरचा जेट पाहावा. ठिणगीच नसेल तर कॉन्टॅक्ट पॉइंटकडे वळावे. तेथले अंतर सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे लागते आणि ते फीलर गेजने मोजता येते.

या कामाचा एक नियम संशोधकांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, पॉइंट आणि जेट एकदम बदलले व गाडी सुरू झाली, तर दुरुस्ती झाली. दोष मात्र कळला नाही. भ्रष्ट पाठ कोठून शिरला याचा शोध न घेता सबंध ओवीच नव्याने लिहून टाकणाऱ्या संपादकास आपण पाठचिकित्सक म्हणत नाही. गाडीबाबत आपण इतके उदार का व्हावे?

हौसेने केलेल्या फेरफारांकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. मोकळा सायलेन्सर बसवणारे अनेक आहेत. त्याने हवेचा प्रवाह बदलतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडू लागते आणि म्हणून जेटही बदलावा लागतो, हे जाणणारे थोडे. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काव्यापुरता मांडलेला औचित्याचा विचार येथे जसाच्या तसा लागू पडतो: अवयवाची शोभा त्याच्या स्थानावर अवलंबून असते. शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. आणि सायलेन्सरच्या आवाजाचा भुर्दंड शेजाऱ्यांनी का सोसावा, याचे उत्तर कोणत्याही हौशी मालकापाशी नाही. ज्याला दोष वाचता येतो त्यालाच फेरफाराचा नैतिक अधिकार पोहोचतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रॉबर्ट पिर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' (१९७४) आमच्या वर्तुळात पुष्कळ उद्धृत होते. पण चर्चा झेनची होते, मेन्टेनन्सची क्वचित. त्या पुस्तकातील निवेदक मित्राच्या बीएमडब्ल्यूचे सैल हँडल बिअरच्या डब्याच्या पत्र्याची चकती घालून घट्ट करू पाहतो आणि मित्र दुखावतो. पत्रा उत्तम काम देईल हे त्याला पटत नाही, कारण त्याला वस्तूचा गुण दिसत नाही, तिची प्रतिष्ठा दिसते. ग्रंथाची थोरवी प्रकाशकाच्या नावावरून ठरवणारा वाचक याहून निराळा नसतो.

आता १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आली आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. धूर घटला, हे चांगलेच झाले. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. परंतु दोषाची खूण आता प्लगच्या टोकाबरोबरच संगणकीय संकेतातही असते, आणि तो उलगडणारा स्कॅनर बहुधा अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर असतो. गाडी मालकाची, लिपी कंपनीची, अशी ही वाटणी आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल सुरू केले व त्यात वाहनक्षेत्राचा समावेश केला, हे स्वागतार्हच. मात्र पोर्टल म्हणजे कायद्याने दिलेला हक्क नव्हे.

वस्तू विकत घेणाऱ्यास ती वाचण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न यंत्रशाळेइतकाच साहित्यशाळेचाही आहे. भाष्य करण्याची मक्तेदारी एका वर्गाकडे गेली की बाकीच्यांनी नुसते श्रवण करावयाचे असते, हे मराठीच्या अभ्यासकांना कोणी नव्याने सांगावयास नको; ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, ती याच मक्तेदारीविरुद्ध. दोषसंकेतांची कोष्टके आणि दुरुस्तीपुस्तिका गाडीबरोबरच, आणि मराठीतून, मिळाव्यात ही मागणी म्हणूनच आम्हांला भाषेच्या चळवळीचाच भाग वाटते. ती करण्यासाठी हात काळे झालेले असले पाहिजेत असे नाही. झालेले असतील तर अधिक बरे.