तळपायाचा चामखीळ आणि घरातील वजरी

पर्युषण पर्व पावसाळ्यातच येते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील मंदिरांच्या ओल्या फरशीवरून त्या दिवसांत असंख्य अनवाणी पावले जातात. तळपायाला चामखीळ आणणारा पॅपिलोमा विषाणू अशा ओलसर जागी, त्वचेच्या बारीक भेगेतून आत शिरतो. यास्तव घरी परतल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत. मंदिरात जाणे टाळण्याचे काही कारण नाही.

दिवसभर दुकानात उभे राहणारे आपले बांधव चामखिळाला कुरूप समजतात आणि ब्लेडने कोरतात. वास्तविक ओळख सोपी आहे. कुरूप वरून दाबले की दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला की अधिक दुखतो. त्यातील काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या, लोक त्यांनाच ‘मूळ’ म्हणून उपटू पाहतात! कोरल्याने विषाणू शेजारच्या त्वचेत पसरतो.

घरगुती उपाय सॅलिसिलिक ॲसिडचा. रात्री पाय पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, मऊ झालेला थर हलकेच घासावा, भोवतालच्या त्वचेला व्हॅसलिन लावून औषध केवळ चामखिळावर घालावे. असे नित्य, १२ आठवड्यांपर्यंत. बहुतेकांचा धीर आठ दिवसांतच सुटतो. न्हाणीघरातील एकच वजरी सारे कुटुंब वापरते, ती पद्धत मात्र थांबवावी. चामखीळ असलेल्याची वजरी निराळी असावी. लहान मुलांचे चामखीळ पुष्कळदा आपोआप जातात. दुखत नसेल तर वाट पाहण्यास हरकत नाही.

मधुमेह असलेल्यांनी यातले काहीही घरी करू नये. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी कॉर्न कॅपसुद्धा नको. तीत सामान्यतः ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असते. संवेदना मंदावलेल्या पायाला ॲसिडची जखम कळत नाही, ती चिघळते, आणि प्रसंगी बोट गमावण्याची पाळी येते. घरातील ज्येष्ठांचे तळवे रोज कोणीतरी उजेडात पाहावेत. वाकून स्वतः पाहणे त्यांना जमत नाही आणि तसे ते सांगतही नाहीत.

डाग वाढत असेल, रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, किंवा १२ आठवड्यांनंतरही फरक नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. अंधेरी परिसरातील वाचकांना पालिकेचे कूपर रुग्णालय जवळ आहे. द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवतात. बहुधा एकाहून अधिक वेळा जावे लागते. नंतर एक-दोन दिवस पाय दुखतो, म्हणून दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवसाची वेळ घ्यावी.