पोटदुखी सोमवारचीच का?

सोमवारी सकाळी दप्तर भरताना मुलाचं पोट दुखू लागतं. जंताचं औषध देऊन झालेलं असतं, सोनोग्राफीही नॉर्मल असते. रविवारी मात्र तेच मूल मजेत खेळतं. मग घरात निष्कर्ष निघतो, 'शाळा बुडवायची नाटकं!' पण ही नाटकंच असतील असं नाही. सततच्या भीतीचा परिणाम पचनसंस्थेवर होतो आणि पोट खरोखर दुखतं. डोकेदुखी, झोपमोड, मोठ्या मुलाचं पुन्हा अंथरूण ओलं करणं यांमागेही हेच कारण असू शकतं. म्हणून 'कुठे दुखतं?' याबरोबरच 'शाळेत कोणी त्रास देतं का?' हेही पालकांनी आणि डॉक्टरांनी विचारायला हवं.

मुलांची भांडणं होणारच. पण भांडण वेगळं आणि दादागिरी वेगळी. या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालणारे नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि देणाऱ्याचं पारडं जड असतं. ते वयामुळे, ताकदीमुळे, पैशामुळे, जातीमुळे किंवा नुसत्या टोळक्यामुळेही जड होतं. रंगावरून, चष्म्यावरून चिडवणं, डबा हिसकावणं, खेळात न घेणं, व्हॉट्सॲपवर टर उडवणं ही त्याचीच रूपं.

'तूही दोन ठेवून दे,' हा सल्ला इथेच फसतो. उलट मारण्याइतकं बळ असतं तर मूल छळाला बळी पडलंच नसतं. असा सल्ला मिळालेलं मूल पुढच्या वेळी घरी काही सांगतच नाही.

शाळेत दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावणंही घातक. वर्गाबाहेर त्याचा सूड निघतो. दोघांशी वेगवेगळं बोलावं. दादागिरी करणाऱ्याला झोडपलं, तर 'बलवानाने मारायचं असतं' हाच धडा पक्का होतो. फिनलंडच्या 'किवा' कार्यक्रमाचा भर बघ्या मुलांवर आहे. ती हसायची थांबली, की दादागिरीतली मजाच संपते. बाकावर शेजारी येऊन बसणारा एक मित्रही मोठा आधार असतो.

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. मदतीसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. पण पहिली हेल्पलाइन घरातच हवी. मूल सांगू लागलं, की आधी पूर्ण ऐकावं. 'तूच काहीतरी केलं असशील,' हे वाक्य तेवढं टाळावं.