कात्री, खळ आणि कुंचला

‘डॉक्टर, हा पोरखेळ कधीपासून?’ होटगीच्या माझ्या दवाखान्यात भिंतीवरचं कोलाज पाहून पेशंट विचारतात. मनगट मोडलं तेव्हापासून, असं माझं उत्तर असतं.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण मूठ वळेना. चेंडू दाबण्याच्या व्यायामाचा दोन दिवसांत कंटाळा आला. टेबलावर औषध कंपन्यांची गुळगुळीत माहितीपत्रकं साचली होती. नातीबरोबर तीच फाडत बसलो. कागद चिमटीत धरायचा, फाडायचा, बोटानं खळ पसरायची. व्यायाम तोच, पण मोजत बसावा लागत नव्हता. निळ्या जाहिरातींतून होटगीचा तलाव झाला आणि ईसीजीच्या जुन्या पट्टीतून रेल्वेचे रूळ!

पुढे जलरंग आणले. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रंग पसरण्याआधीच वाळतो, म्हणून पहाटे बसतो. अर्धवट ओल्या रंगात पुन्हा कुंचला फिरवला की चिखल होतो. तेव्हा हात आवरायचा. साध्या सर्दी-तापाला कुणी इंजेक्शनच मागितलं, की मला तो ओला कागद आठवतो.

शरीरानं साथ सोडली तरी हात थांबू न देणारे मोठे लोक आहेत. नागपूरला जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास झेपेनात. त्यांनी कागदावर शाईची लहान चित्रं केली. फ्रान्सच्या मातीस यांच्या पोटावर १९४१ मध्ये कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढे खाटेवरून, चाकाच्या खुर्चीतून ते रंगवलेले कागद कात्रीनं कापत आणि त्यांतून चित्रं रचत. १९५४ पर्यंत ते काम करत राहिले.

आता एक कबुली. एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याला प्लास्टर काढल्यावर मी नुसतं ‘हात जपा’ म्हणालो होतो. त्यांनी इतका जपला, की बोटं ताठ झाली. आज त्यांना उजव्या हातात कपबशी धरता येत नाही. आम्ही डॉक्टर ‘आराम करा’ फार सहज लिहितो; काय करा, ते लिहीत नाही. निवृत्त माणसाला तर हाताला काम हवंच. चित्र चांगलं आलं नाही तरी बिघडत नाही.

मात्र वाचकहो, काही पथ्यं पाळा. प्लास्टर असतानाही मोकळी बोटं हलवत राहा. ते निघाल्यावर डॉक्टरांना विचारून काम सुरू करा. दुखणं किंवा सूज वाढली, मुंग्या आल्या तर थांबा आणि दाखवा. कुंचला तोंडात घालू नका, काही रंग विषारी असतात. मधुमेहामुळे बोटं बधिर असतील तर कात्री जपून वापरा. आणि चित्र काढता म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नका!