‘वूडन फ्लोअरिंग’ करताय? आधी कूलर आणि पोछ्याचा विचार करा

नवं घर सजवताना एका खोलीला तरी ‘वूडन फ्लोअरिंग’ करावं, असा विचार आता जळगाव-धुळ्यातही होतो. दिसायला ती छानच दिसते. पण आपली फरशी पुसण्याची पद्धत ठरलेली आहे. बादलीभर पाणी, त्यात फिनाईल आणि ओला पोछा. शहाबादी, कोटा किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सना ते चालतं, लाकडाला चालत नाही. त्यामुळे ही सवय बदलायची तयारी नसेल, तर खान्देशात लाकडी फरशीवर पैसे घालू नयेत, असं माझं मत आहे.

नेमकं काय होतं?

लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं. ओलावा घेतला की फळी रुंदीत फुगते, सोडला की आकसते. लांबीत फारसा फरक पडत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी असते. त्याच वेळी कूलर खोलीत दमट हवा सोडत असतो. नंतर पावसाळा. फळ्यांमध्ये फटी पडणं, कडा वर येणं याचं मूळ इथे आहे. म्हणूनच फरशी बसवताना भिंतीलगत साधारण ८ ते १० मिलिमीटर जागा सोडतात आणि ती स्कर्टिंगने झाकतात. ही जागा नसेल, तर फुगलेली फरशी मध्येच उचलली जाते.

‘वूडन’ म्हणजे लाकूडच, असं नाही

लॅमिनेट : लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड. वर लाकडाचा छापील फोटो आणि पारदर्शक थर. सांध्यातून पाणी शिरलं की बोर्ड फुगतो आणि पूर्ववत होत नाही. घासून पॉलिश करता येत नाही, फळीच बदलावी लागते.

इंजिनीअर्ड वूड : प्लायवर अस्सल लाकडाचा थर. हा थर जाड असेल तरच घासून नवा करता येतो.

भरीव लाकूड : सर्वांत महाग, पण अनेकदा घासून पॉलिश करता येतं.

काळजी कशी घ्याल?

- रोज कोरडा मायक्रोफायबर मॉप फिरवा. धुळीतली बारीक खडी पायाखाली सँडपेपरसारखी घासते.
- पुसायचंच असेल तर कापड घट्ट पिळून घ्या. पाणी सांडलं तर लगेच टिपा.
- ॲसिड, कपड्यांची पावडर आणि स्टीम मॉप नको.
- कूलर खिडकीबाहेर ठेवा आणि हवा खेळती ठेवा. कूलरचं पाणी गळत नाही ना, ते पाहा.
- खाट, कपाटाच्या पायांखाली फेल्ट लावा.
- घरकाम करणाऱ्या ताईंना हे आधी समजावून सांगा. न सांगता नंतर त्यांना दोष देणं बरोबर नाही.

आणि जुनी माडी?

खान्देशातल्या जुन्या वाड्यांच्या माड्यांवर सागवानी फळ्या आहेत. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो वाळवीला आणि ओलाव्याला इतर लाकडांपेक्षा चांगला टिकतो. वाडा पाडला की हे लाकूड जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातं आणि नव्या फ्लॅटमध्ये लाकडाचा फोटो छापलेला बोर्ड येतो. हा व्यवहार तोट्याचा आहे. माडी शाबूत असेल तर सुताराला दाखवा, छताची गळती थांबवा, फळ्या घासून पॉलिश करून घ्या.

नवीन घेणार असाल, तर दुकानदाराला रंगाआधी एक प्रश्न विचारा : ही फरशी पाण्याने पुसली तर काय होईल? उत्तर बिलावर लिहून घ्या.